दोन मोटारसायकलींची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा आधी घरकाम व गॅरेजमधली पडेल ती कामे आणि आता नुसते बसणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि शेजारी कोणी उभे नसताना लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाविषयी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. माझ्या डोक्याविषयी कोणाला शंका असल्यास त्याने मला कोणत्याही गाडीच्या प्लगमधले अंतर विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणाला एखादे सापडलेच तर ते माझे नव्हे.

मी शाळेत फार गेले नाही. लग्नानंतर गॅरेजच्या पायरीवर बसून गाड्यांच्या माहितीपुस्तिका वाचता वाचता मला वाचनाची गोडी लागली. आमच्या ह्यांना अक्षरांचा कंटाळा. मी वाचायचे आणि ते पाना फिरवायचे. म्हणून माझ्या लिहिण्यात कायद्यापेक्षा ‘आधी हे सोडा, मग ते काढा’ अशी भाषा जास्त आली तर चालवून घ्यावे.

मला दोन मुले. मुलगा थोरला, मुलगी धाकटी. ह्यांना जाऊन तीन वर्षे झाली.

कलम १. घर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर थोरल्याला द्यावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. खालून येणाऱ्या रॉकेलच्या वासाने त्याचे डोके लहानपणापासून दुखते, आणि मोटारसायकलवर बसवले की त्याला शिंका येत. यात त्याचा दोष नाही. तो सरळ मुलगा आहे, दर रविवारी येतो, औषधे आणतो आणि जिना उतरताना नाक धरतो.

कलम २. खालचे गॅरेज, त्यातील लाकडी टेबल, लोखंड आवळून धरायचा शेगडा आणि सगळी हत्यारे धाकटीला द्यावीत. ती दुसऱ्या शहरात रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी करते. तिला पान्यांची नावे अक्षरओळखीच्या आधी आली. हत्यारांत बारा-तेराचा पाना नाही. तो माझ्या दिरांकडे आहे. ‘उद्या देतो’ म्हणून त्यांनी नेला तेव्हा धाकटी रांगत होती. तो पाना मी त्यांना या कलमाने कायमचा देऊन टाकत आहे, म्हणजे निदान यापुढे तरी तो त्यांच्या हक्काचा होईल.

कलम ३. बँकेत जे काही आहे त्यातून दवाखान्याचे देणे फेडावे आणि उरेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. यावरून भांडण करण्याइतके ते नाही.

कलम ४. माझी पुस्तके वाचनालयाला द्यावीत. वाचनालयाच्या बाईंना नव्हे, वाचनालयाला, कारण बाई खाली साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे मी वाचले आहे. याच कारणाने दुसरे साक्षीदार, ह्यांचे मित्र वेल्डरभावजी, यांनाही काही देत नाही. त्यांनी राग मानू नये. त्यांना आयुष्यभर गोड चहा पाजला आहे.

कलम ५. बाहेरच्या खोलीतले काचेचे कपाट नणंदबाईंना द्यावे. त्यांचा त्यावर फार वर्षांपासून डोळा आहे. हे देताना एक गोष्ट लिहून ठेवते. ह्यांनी साठीला आल्यावर लांबच्या प्रवासाची नवी मोटारसायकल घेतली तेव्हा नणंदबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, ‘‘या वयात नवी गाडी म्हणजे दुसरं लग्नच की. वहिनी, सवतीला ओवाळलंस का?’’ तेव्हा मीही हसले. पण ह्यांना घरी आणले त्या दिवशी, माणसे अजून दारात उभी असताना, त्या म्हणाल्या, ‘‘शेवटी त्या नव्या गाडीनंच घेतला जीव.’’ ते खोटे आहे. खोटे राहू नये म्हणून लिहिते.

आम्ही दोघे नवीवरून परत येत होतो. रस्ता सरळ, ऊन कोवळे, वेग बेताचा. ह्यांनी उगाचच गाडी हळू केली, डावीकडचा दिवा लावला, मागे बघितले आणि रस्त्याच्या कडेला घेतली. स्टँड लावला. ‘‘उतर जरा,’’ म्हणाले. मला वाटले चहा. मी उतरले. ते उतरले, हेल्मेट काढून आरशाला अडकवले, मैलाच्या दगडावर बसले आणि बसल्या जागी गेले. गाडीने त्यांना काही केले नाही. त्यांनीच गाडीला, आणि मला, आधी नीट उभे केले. कपाट न्यायला याल तेव्हा नणंदबाई, हे कलम मोठ्याने वाचा आणि मग न्या.

कलम ६. हे कलम दोन मोटारसायकलींविषयी आहे. ज्यासाठी मी लिहायला बसले ते हेच.

जुनीला आम्ही सगळे म्हातारी म्हणतो. ती लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घरात आली, तेव्हाही ती दुसऱ्या हाताची होती. तिच्यावर बसून आम्ही जेवढे हिंडलो तेवढे आमच्या गल्लीत कोणी हिंडले नाही. माझ्या तळपायांना कळायचे की हे कितव्या गिअरमध्ये आहेत. वाऱ्यात बोललेले ऐकू यायचे नाही म्हणून आमची खांद्यावरची भाषा होती. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, आणि चिमटा म्हणजे तुम्ही वाट चुकलात पण कबूल करणार नाही. धाकटी लहान असताना टाकीवर पालथी झोपायची. उतरवून घेतली की तिचा एक गाल गरम असायचा.

म्हातारी तासाभराने तापायची, मग थांबावे लागे. त्या थांबण्यात आम्ही किती माणसे बघितली, किती विहिरींचे पाणी प्यालो. रस्त्यात बंद पडली तर हे तार, चामड्याचा तुकडा, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, मिळेल त्याने चालू करत. गिऱ्हाइकांना ते नेहमी सांगत, ‘‘गाडी नीट ठेवली तर तिला मरण नाही.’’ धाकटीने गाडी चालवण्याचा परवाना आणून दाखवला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केले, ‘‘म्हातारी हिची.’’

त्यानंतर काही वर्षांनी डोंगरातल्या एका उतारावर म्हातारीचे हँडल हलके थरथरू लागले. मागे बसून मला काही कळले नाही, ह्यांना कळले. घरी आल्यावर त्यांनी टाकी उतरवली. हँडलचा दांडा ज्या नळीत बसतो, त्या भागाला गॅरेजात मान म्हणतात. ती मान त्यांनी रॉकेलने भिजवली, कोरडी पुसली, वर खडूची भुकटी चोळली आणि गाडी उन्हात लावली. लोखंडाला तडा गेला असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा रेघ उमटलेली होती. केसाएवढी, पण मानेला अर्धा वेढा घातलेली. हे तिच्यासमोर उकिडवे बसले होते. मला म्हणाले, ‘‘मागच्याच महिन्यात पोरगी याच उतारावर चालवत होती.’’ चहा तसाच राहिला.

वेल्डरभावजींनी मान जोडून दिली. जोडताना म्हणाले, ‘‘वहिनी, बाजारात जायला-यायला ठीक आहे. डोंगरात नेलीत तर मी जोडली हे कोणाला सांगू नका.’’ तशी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आता कोणी बनवत नाही. भंगारातून दुसरी आणली तर कागदावर आणि मनात ती दुसरीच गाडी. ह्यांनी जोडावर रंग मारला. रंग इतका बेमालूम की मलाही जागा सापडेना.

त्यानंतर नवी घ्यायची का, यावर आम्ही वर्षभर विचार केला. दुकानात चार वेळा गेलो. विकणारा मुलगा म्हणाला, ‘‘आजोबा, झेपेल ना?’’ हे म्हणाले, ‘‘उचलून न्यायचीय का? मला वाटलं चालवायची असते.’’ मला मागे बसवून विचारले, ‘‘कशी वाटते?’’

‘‘सोफ्यासारखी.’’

‘‘म्हणजे बरी ना?’’

‘‘सोफ्यावर बसून कोणी कुठे जातं का?’’

तो मुलगा हसला, हे हसले नाहीत. खाली बसून पुढच्या चाकाकडे बघत राहिले. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकत नाही, घसरत नाही, असे त्या मुलाने सांगितले. ते ह्यांनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले.

नवी आली. खरे सांगायचे तर ती प्रत्येक बाबतीत म्हातारीपेक्षा चांगली आहे, आणि तिच्याविरुद्ध माझे म्हणणे एवढेच आहे. पाठ दुखत नाही. सामानाच्या पेट्यांत पाणी शिरत नाही. दिवा असा की पुढचे वळण आधीच दिसते. तापत नाही, म्हणून थांबत नाही. पोचायचे तिथे आम्ही दुपारीच पोचायचो आणि मग एकमेकांकडे बघत बसायचो. हेल्मेटमध्ये बोलण्याचे यंत्र होते. त्यातून ह्यांचा आवाज थेट कानात यायचा. तरी मी खांद्यावर थापा मारत राहिले. हे यंत्रातून विचारायचे, ‘‘काय झालं?’’ आणि मी सांगायचे, ‘‘काही नाही.’’

आता धाकटीचे. नोकरी लागल्यावर ती नवे जाकीट घालून, हेल्मेट काखेत मारून म्हातारीला न्यायला आली. तेव्हा मान जोडून झाली होती, नवी यायची होती. हे साबणाच्या भुकटीने हात धूत होते. जे बोलणे झाले ते मी पायरीवरून ऐकले.

‘‘बाबा, किल्ली?’’

‘‘नाही द्यायची.’’

‘‘का?’’

‘‘नाही म्हटलं ना.’’

‘‘दादाला देणार आहात?’’

‘‘त्याला शिंका येतात. कोणालाच नाही.’’

‘‘सगळ्यांसमोर शब्द दिला होतात. आता काय झालं? मी मुलगी आहे हे आत्ता आठवलं?’’

हे हात धूतच राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. ती बसने परत गेली. पुढच्याच महिन्यात नवी दारात उभी राहिली, आणि तिच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला. बापाने स्वतःला नवी घेतली, जुनीही दाबून ठेवली. मग ती त्यांच्याशी बोलली नाही. फोन केला तर ‘‘आईला द्या’’ एवढेच. मी ह्यांना रोज सांगायचे, तिला खरे सांगा. ते म्हणायचे, ‘‘सांगतो. समोर आली की सांगतो.’’ ती आली तेव्हा हे सांगण्याच्या पलीकडे गेले होते.

नंतर मी तिला सगळे सांगितले. एकदा नाही, पुष्कळदा. ती म्हणते, ‘‘आई, माणूस गेला म्हणून आता त्याची सारवासारव करू नकोस.’’ वेल्डरभावजींचे नाव काढले तर म्हणते, ‘‘ते बाबांचेच मित्र. तडा कुठे आहे? मला तर दारातून नुसता रंग दिसतो.’’ टाकी काढून बघ म्हटले तर गॅरेजात पाय ठेवत नाही, कारण तिथे नवी उभी आहे आणि तिला नवीचे तोंड बघायचे नाही.

गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, ‘‘तू बरी झालीस की म्हातारीला घेऊन समुद्राच्या रस्त्याने जाणार आहे. बाबांना कधीपासून करायची होती ती राहिलेली सहल.’’

मी विचारले, ‘‘आणि बरी नाही झाले तर?’’

‘‘तरी जाणार.’’

त्या रस्त्यात डोंगर उतरावा लागतो. अजून म्हातारीची किल्ली माझ्या उशाखाली असते म्हणून मला झोप येते. माझ्यानंतर ती उशी कोणीतरी उचलेल.

कलम ७. म्हणून दोन्ही गाड्यांची विल्हेवाट अशी लावावी.

(अ) नवी धाकटीच्या नावे करावी. थोरल्याने ती विकून पैसे मोटारीत घालण्याचा विचार सोडावा. ह्यांनी ती घेतल्यावर सीटवाल्याकडून सीट दोन बोटे उतरवून घेतली होती. ह्यांचे पाय लांब. त्या सीटवर ते टोळासारखे गुडघे वर काढून बसत. मी विचारले तेव्हा ‘‘म्हातारपणी पाय टेकलेले बरे’’ म्हणाले. आमच्या घरात पाय न टेकणाऱ्या बायका दोनच आहेत, आणि मी गाडी चालवत नाही. यावरून जो अर्थ काढायचा तो तिने काढावा.

(ब) म्हातारी कोणी चालवायची नाही. विकायचीही नाही, कारण घेणाऱ्यालाही आईबाप असतील. माझ्यामागे आठ दिवसांच्या आत वेल्डरभावजींनी तिची मान जोडाच्या जागी करवतीने कापावी, अशी की पुन्हा जोडता येणार नाही. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण मी विचार बदललेला नाही. ज्या गाडीवर माझा संसार झाला तिच्याविषयी हे सांगायला मला कोणी भाग पाडलेले नाही.

(क) म्हातारीचे इंजिन शाबूत आहे. ते धाकटीला द्यावे. लाकडी टेबलावर पक्के करून चालू करता येईल. आवाज तोच येईल.

(ड) या कलमाची अंमलबजावणी वाचनालयाच्या बाईंनी करून घ्यावी. त्या उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड कोणालाही माफ करत नाहीत. म्हणून त्यांना नेमले आहे.

वरील मजकूर मी दोन साक्षीदारांसमोर पुन्हा वाचला आणि त्यात काही कमी-जास्त करण्यासारखे वाटले नाही.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार :
१. (सही) वेल्डर, गल्लीच्या कोपऱ्यावरचे
२. (सही) वाचनालयाच्या बाई

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

पुरवणी

मृत्युपत्र पाकिटात घालण्याआधी धाकटी आली. थोरल्याने तिला माझ्या तब्येतीविषयी कळवले होते. मी हे कागद तिच्या हातात दिले. तिने ते खिडकीशी उभ्याने वाचले. सहाव्या कलमावर फार वेळ लावला. मग सातवे वाचून म्हणाली, ‘‘माझी गाडी कापणार तुम्ही?’’

‘‘मी नाही, भावजी कापणार.’’

‘‘आई, थट्टा करू नकोस.’’

‘‘करत नाही. कागदावर लिहिलंय.’’

ती खाली गेली. मला जिना उतरायची बंदी आहे, म्हणून पुढचे मी खिडकीतून पाहिले. तिने नवीला बाजूला घेऊन म्हातारीला अंगणात काढले. टाकी उतरवली. मानेवरचा रंग पॉलिशच्या कागदाने घासून काढला, रॉकेल लावले, पुसले, खडू चोळला. बापाचेच हात. मग गाडी उन्हात लावून ती पायरीवर बसली आणि तिकडे पाठ करून बसली.

थोड्या वेळाने तिने वळून बघितले. जोड धरून होता. जोडाच्या शेजारून, वेल्डिंग नसलेल्या लोखंडातून नवी रेघ निघाली होती. ती मला खिडकीतून दिसण्यासारखी नव्हती, धाकटीच्या खांद्यांवरून मला कळली; कुठून निघाली ते तिने नंतर सांगितले.

वर आली तेव्हा हात काळे होते. तिने ते धुतले नाहीत. तिच्या सांगण्यावरून मी एक बदल करत आहे. कलम ७ (ब) मधील ‘वेल्डरभावजींनी’ या शब्दाऐवजी ‘धाकटीने’ असे वाचावे. भावजींनी फक्त करवत द्यावी आणि शेजारी उभे राहावे. नवीची किल्ली मी पुढे केली. ती तिने घेतली नाही. नको असेही म्हणाली नाही. त्यामुळे ७ (अ) आहे तसे राहील.

जाण्याआधी ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, ‘‘एवढीशी रेघ. मला दाखवली असती तर मी हट्ट धरला असता का? का नाही सांगितलं त्यांनी?’’

मी तिला सांगितले की मला जे ठाऊक होते ते सगळे या कागदांत आले आहे. ती म्हणाली, ‘‘ते वाचलं. मी ते विचारत नाहीये.’’

ती काय विचारते ते मला समजले. मला अंदाजही आहे, पण माझा अंदाज हे ह्यांचे उत्तर नव्हे. ते उत्तर तिच्या हक्काचे आहे. मात्र ते कधीच माझ्या मालकीचे नव्हते, त्यामुळे मला ते तिच्या नावे करता येत नाही. बाकी सर्व वर लिहिल्याप्रमाणे.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार : पूर्वीचेच दोघे, पुन्हा सही करून

ठिकाण : तेच
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार